पाय मोडेना: शिकंजी सांडलेल्या कीबोर्डच्या नोंदी

१० मे २०२५, शनिवार, रात्री ११

संध्याकाळी साडेसातला लोकमान्यनगरला, मावशीकडे. छप्पन दुकान या खाऊगल्लीतून शिकंजीचे तीन ग्लास पार्सल नेले होते. बाहेरगावच्या माणसाला शिकंजी म्हटलं की लिंबूपाणी डोळ्यांपुढे येतं. आपल्या इंदूरची शिकंजी म्हणजे आटवलेलं दूध, आंबटपणापुरता मठ्ठा, भरपूर साखर, केशर, वेलची, जायफळ आणि वर सुका मेवा. प्यायची की खायची असा प्रश्न पडावा इतकी दाट. हे इथे लिहून ठेवतोय कारण पुढची सगळी भानगड या पाककृतीतच आहे.

ग्लास लॅपटॉपच्या डाव्या बाजूला मी ठेवला. चार्जरची वायर ओढली तीही मीच. साधारण अर्धा ग्लास, थेट कीबोर्डच्या डाव्या अर्ध्यावर. मावशी ओरडली नाही, तिने आधी फाइल सेव्ह केली, मग मेनूत जाऊन लॅपटॉप शहाण्यासारखा बंद केला. यात दोन-तीन मिनिटं गेली. चार्जर उपटायचा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं आणि लगेच बॅटरी काढायची, हे मला तोंडपाठ होतं. हातात रुमाल धरून उभा राहिलो.

लॅपटॉप जुना, बारा-तेरा वर्षांचा, बॅटरी बाहेरून खटकन निघणारी. निघाली. मग झाकण उघडं ठेवून पंचावर तंबूसारखा उलटा केला. वेलचीचा वास खोलीभर.

डिस्क काढून यूएसबीच्या डबीत घातली आणि माझ्या मशीनला लावून पाहिली. स्मरणिका शाबूत. मावशीच्या मराठी मंडळाची चौसष्ट पानांची स्मरणिका आहे, अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीची, ३१ तारखेला हातात हवी. छापखान्याने २४ची मुदत दिलीय.

रात्री घरून ९९ टक्क्यांची आयपीएची, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलची, बाटली नेली. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात तेच स्पिरिट. पाण्याने शॉर्ट होतं, स्पिरिट उडून जातं, म्हणून सिरिंजने सगळ्या बटणांच्या फटीत भरपूर सोडलं. कूलरसमोर ठेवून आलो. चोख काम झालं असं वाटतंय.

११ मे, रविवार

काल लिहिलेलं शेवटचं वाक्य खोडत नाही, राहू दे.

सकाळी काकांनी लॅपटॉप कूलरसमोरून उचलून पंख्याखाली ठेवला होता. "कूलर ओली हवा फेकतो रे, वाळवायला ठेवलंस की भिजवायला?" बरोबर आहे. शेजारच्या काकूंनी तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला दिला. तांदूळ बंद बटणाखालची साखर कशी ओढणार, आणि त्याचा भुगा सॉकेटमध्ये गेला तर तो कोण काढणार? नको म्हटलं.

दुपारी चार वाजता, सांडून वीस तासच झाले होते, मला राहवलं नाही. डिस्क लावली, बॅटरी लावली, सुरू केला. सुरू झाला! मावशी लगेच बसली. सुरुवातीला सगळी बटणं चालली, काही अडखळत. मग आर आपोआप उमटायला लागला, आणि अर्ध्या तासात इंग्रजी ई, डी, सी आणि वरचा ३ एकामागून एक गेले.

मावशी इनस्क्रिप्टवर टाइप करते. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवलेली ही मांडणी. ढोबळमानाने डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. म्हणजे कीबोर्डचा डावा भाग बुडाला की स्वरच बुडतात. ई म्हणजे काना. डी म्हणजे पाय मोडायचं बटण, आणि शिफ्टबरोबर तोच अ. सी म्हणजे म. उघडलेल्या पानावर मावशीने अहिल्याबाई होळकर टाइप केलं. स्क्रीनवर आलं:

हिलयबई होळकर

महेश्वर टाइप केलं, हेशवर झालं. माळव्याचा लव झाला... नाही, चुकलो, ळव. मल्हारराव टाइप केलं तर लहररव. त्रिशताब्दीच्या ३००मधला ३ गेल्यामुळे नुसती दोन शून्यं उरली. मावशी हसत सुटली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "अरे, एकाचाही पाय मोडेना!" म्हणाली. मी हसलो नाही. चाळीस मिनिटं तो कीबोर्ड वीज घेऊन ओला बसला होता, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

बंद केला, बॅटरी काढली. डी बटणाची टोपी नखाने उचलली. (या टोपीवर मावशीने मरून नेलपॉलिशचा ठिपका लावलाय. एफ आणि जेला बोटाला लागणारा उंचवटा असतो, पण "माझं खरं घर डीवर आहे," असं तिचं म्हणणं.) खाली पांढरे कण होते. साय नव्हे, साखर नव्हे, कोरडे बारीक गोळे, रबराच्या वाटीभोवती रवा सांडल्यासारखे. चिमट्याने उचलला तर चुरला नाही, दबला.

काकांना दाखवला. काका डेअरीच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं होते. त्यांनी चष्मा वर केला, बोटावर घेऊन चोळला, आणि विचारलं, "यात काय घातलंस?"

"स्पिरिट."

"किती टक्के?"

"नव्याण्णव."

मग मला अल्कोहोल टेस्ट समजावली. डेअरीत टँकर आला की दूध आणि ६८ टक्क्यांचं अल्कोहोल समसमान घेऊन नळीत हलवतात. दूध चांगलं असेल तर तसंच राहतं, आंबटपणाकडे झुकलेलं असेल तर कण धरतं. कण धरले की टँकर परत. "आणि तुझ्या शिकंजीत तर मठ्ठाच होता. ती काठावर उभी होती, तू ढकललीस. कीबोर्डमध्ये पनीर लावलंस तू."

साखरेचा हिशेबही तसाच उलटा. साध्या तापमानाला शंभर ग्रॅम पाण्यात जवळजवळ दोनशे ग्रॅम साखर विरघळते. शुद्ध आयपीएत तिला विरघळायचं नावच नाही. म्हणजे मी पाणी तेवढं पळवलं आणि साखर व पनीर दोन्ही जागच्या जागी पक्कं केलं. सगळीकडे स्पिरिट, स्पिरिट म्हणतात ते मदरबोर्डावर सोल्डरिंगनंतर उरणाऱ्या फ्लक्ससाठी, बोटांच्या तेलासाठी ठीक. इथे पाण्याला भिऊन वापरलं तेच अंगाशी आलं.

"मग आता काय करू?"

"धुवायचं. आम्ही पाइप धुतो तसं. आधी कोमट पाणी. कढत नाही हं, कढत पाण्याने दूध चिकटून बसतं. पाणी स्वच्छ यायला लागलं की साबण, मग परत पाणी. सोडा-ॲसिड तुझ्या खेळण्याला नको."

१२ मे, सोमवार

ऑफिसनंतर जेल रोड. दुकानात कीबोर्ड दाखवला, मुलाने हातातही घेतला नाही. "भिया, इसमें टाइम खराब मत करो, बारह सौ में नया डाल देता हूँ. हिंदी के अक्षर नहीं मिलेंगे." त्याचं चूक नाही. तासाच्या हिशेबाने नवा घालणंच शहाणपणाचं. मावशीचं काम अडू नये म्हणून साडेतीनशेचा यूएसबी कीबोर्ड घेतला, तो लॅपटॉपला लावून तिची टायपिंगची गाडी चालू झाली. म्हणजे या नोंदी पैसे वाचवायच्या नाहीत. सांडली मी, तेव्हा हे माझ्या डोक्यातून जात नाही, एवढंच.

रात्री कीबोर्ड सोडवला. तळाचे स्क्रू काढले, वरच्या कडेच्या खिट्या प्लॅस्टिकच्या पिकने दाबल्या, उचलून पालथा केला. खालून बोर्डाकडे जाणारी पट्टी असते, तिच्या सॉकेटवरचा चिमुकला काळा लॅच आधी नखाने वर करायचा, मगच पट्टी ओढायची. लॅच तुटला तर बोर्डाचं काम निघतं.

बोर्डावर थेंबही नाही. कीबोर्डच्या पाठीला पत्रा आहे, सगळं त्याने अडवलं. पामरेस्टच्या फॉइलवर एक ओघळ वाळला होता, ओल्या इअरबडने पुसला.

मग टोप्या काढल्या. प्रत्येक टोपीखाली दोन प्लॅस्टिकचे तुकडे कात्रीसारखे एकमेकांत अडकवलेले, त्यांच्यामध्ये उलटी रबरी वाटी. टोपी वर-खाली सरळ जावी म्हणून कात्री, आणि उडी मारून परत यावी म्हणून वाटी. कात्रीची एक बाजू पत्र्याच्या आकड्यात अडकते, दुसरी सरकते. ओढायची कुठून ते कळेपर्यंत एफ-१२ची कात्री मोडली. बरं झालं एफ-१२ची मोडली.

सहा रांगा, सहा गठ्ठे. मावशीने मिसळणाचा डबा रिकामा करून दिला, सात वाट्यांचा. एका वाटीत एक रांग, सातव्या वाटीत स्क्रू. कितीही धुतला तरी हळदीचा रंग गेला नव्हता, त्यामुळे शिफ्टच्या टोपीची एक कड अजून पिवळी आहे.

१३ मे, मंगळवार

धुतला.

पहिलं पाणी नळाचं, कोमट, मनगटावर घेतलं तर ना गरम ना गार लागावं इतकं. इंदूरच्या नळाला नर्मदा येते, जलूदहून उपसलेली. पुण्य असेल, पण क्षारही आहेत, म्हणून शेवटचं पाणी ते नको. शेवटच्यासाठी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, पाच लिटरचा कॅन, गॅरेजवरून.

बेकिंगच्या ट्रेमध्ये पत्र्यासकट आडवा ठेवला. पाच मिनिटांत पाणी गढूळ झालं, मग दुधाळ. वीस मिनिटांनी हलवलं तर एका वाटीखालून केशराची काडी बाहेर आली, अख्खी, अजून रंग सोडत होती. मावशीने ती चिमटीत धरून काकांना दाखवली. "तीन ग्लासांत एवढीच होती वाटतं."

दुसरं पाणी, तिसरं पाणी. मग भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब आणि मऊ टूथब्रश, वाट्यांच्या बाजूने. दुधाची चिकटाई साबणानेच जाते. पनीरचे कण मात्र सहजी सुटले नाहीत. स्पिरिटने आक्रसून कडक झालेले, त्यांना तासभर भिजू द्यावं लागलं. पहिल्या रात्रीच पाण्याने धुतला असता तर हा तास वाचला असता.

नळाचं पाणी स्वच्छ यायला लागल्यावर डिस्टिल्डची तीन बुडवणी. आणि सर्वांत शेवटी, आता तिची पाळी म्हणून, आयपीए. आत विरघळायला, गोठायला काही उरलं नाही की तिचं काम एकच राहतं, उरलेल्या पाण्याला बरोबर घेऊन उडून जाणं. बाटली तीच, तीन दिवस आधी आली होती एवढंच.

टोप्या गाळणीत, साबणाच्या पाण्यात. नेलपॉलिशचा ठिपका टिकला. टोप्यांना स्पिरिट लावायचं नाही, ठिपका जायचा.

१४ ते १७ मे

वाळवणं. लिहिण्यासारखं फार नाही. पंख्याखाली, उभा टेकवून, पट्टीचं टोक खाली, दुपारी गच्चीच्या खोलीत. थेट उन्हात नाही आणि ड्रायरही नाही, आतला पडदा पातळ प्लॅस्टिकचा आहे, वाकडा झाला की संपलं.

वरून दोन तासांत कोरडा दिसतो, तीच फसगत. बटणांच्या खाली जो पडदा असतो तो तीन पापुद्र्यांचा. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर चांदीच्या शाईने रेघा छापलेल्या, मधला कोरा, बटणाच्या जागी भोक पाडलेला. बटण दाबलं की वरची टिकली भोकातून खालच्या टिकलीला टेकते. पापुद्र्यांमध्ये केसाएवढी फट, पाणी तिथे आपणहून शिरतं आणि निघताना कंटाळा करतं.

रोज रात्री मल्टिमीटरने पट्टीच्या टोकावर डीची रेघ आणि आरची रेघ यांच्यातला रोध मोजला. कोणतंही बटण दाबलेलं नसताना तिथे काहीच दिसायला नको. १४ला ४७ किलोओहम. १५ला १८०. १६ला मेगाओहमच्या वर गेला. १७ला मीटरने हात टेकले, ओव्हरलोड. म्हणजे आर आपोआप का उमटत होता ते कळलं, साखरेच्या पाण्याचा पूल होता.

१८ मे, रविवार

टोप्या न बसवताच पट्टी लावून सुरू केला, रबरी वाट्या बोटाने दाबल्या. आर शांत. बाकी सगळं चालू. ई, डी, सी, ३ मेलेलेच.

आता हे चारच का, हे एकदा नीट लिहून ठेवतो, कारण काकांना समजावताना मलाच नीट समजलं. ऐंशीच्या वर बटणं आणि पट्टीवर टोकं तिशीच्या आत. प्रत्येक बटणाला स्वतःची तार नसतेच. आडव्या आणि उभ्या रेघांची जाळी असते, बटण म्हणजे एक चौक. लॅपटॉपमधला छोटा कंट्रोलर एकेका रेघेवर क्षणभर इशारा देतो आणि दुसऱ्या दिशेच्या कोणत्या रेघेवर तो पोचला ते पाहतो, सेकंदाला शेकडो वेळा. या कीबोर्डात ३, ई, डी, सी एकाच उभ्या रेघेवर आहेत. चारही एकदम जातात तेव्हा चार बटणं बिघडलेली नसतात, रेघ तुटलेली असते. काका म्हणाले, "म्हणजे गल्लीचा नळ गेला, घरांचे नाही." हेच मी दहा मिनिटं सांगत होतो.

मीटरने डीच्या टिकलीपासून पट्टीच्या टोकापर्यंत: काहीच नाही. शेजारच्या रेघेत ३८ ओहम.

सगळ्या कात्र्या काढल्या, पडदा पत्र्याच्या आकड्यांवरून सोडवला, खिडकीच्या काचेवर धरला. पट्टी जिथे पडद्याला मिळते तिथून दोन बोटं वर, चंदेरी रेघेत काळसर डाग. पापुद्रे तिथे डिंकाने चिकटलेत, पोटॅटो पीलरच्या पात्याने नाही, जुन्या एक्सरेच्या पट्टीने हळूच फाकवले. भिंगाखाली चार मिलिमीटर रेघ गायब. उरलेल्या टोकांना काळी किनार, आणि एका बाजूने शेजारच्या रेघेकडून बारीक फांद्या इकडे निघालेल्या, खिडकीवरच्या शेवाळासारख्या.

चांदीला ओल आणि वीज एकत्र मिळाली की ती जागा सोडते. एका रेघेतून विरघळते, दुसरीकडे फांद्या होऊन साचते. नुसती ओल असती तर चार दिवस तिने वाट पाहिली असती. माझा अंदाज, ११ तारखेच्या चाळीस मिनिटांनी हे केलं. मावशीसमोर मोठ्याने म्हटलं. ती म्हणाली, "मला बसवलंस कोणी त्याच्यापुढे?" तेही खरं.

फांद्या कोरड्या इअरबडने खरवडल्या.

१९ मे, सोमवार

सोल्डर करता येत नाही, पापुद्रा वितळेल. पेन्सिलीने रेघ जोडायचा उपाय ऐकून होतो. ६बी घेऊन चार मिलिमीटर काळे केले, ९ किलोओहम आले. डी चालला, सी चालला नाही. पडदा जरा वाकवला, डीही गेला. खोडरबर.

चांदीचा रंग हवा. कारच्या मागच्या काचेवर ज्या गरम होणाऱ्या रेघा असतात त्या जोडायला तसा रंग मिळतो, म्हणून कारच्या सामानाच्या दोन दुकानांत विचारलं. दोघांनीही चंदेरी स्प्रे दाखवला. ऑनलाइन मागवलं, पेनसारखी बाटली, सातशे चाळीस रुपये. नव्या कीबोर्डच्या निम्म्याहून जास्त. मावशीला सांगितलेलं नाही.

२० मे

आज राजवाड्यात मंत्रिमंडळाची बैठक, अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीसाठी मुद्दाम इंदूरला. त्या बाजूला जाण्यात अर्थ नव्हता. घरी बसून टोप्यांच्या आतली बाजू टूथपिकने साफ केली. मावशीचा फोन: यूएसबी कीबोर्डने अंगठा दुखतो, स्पेसबार फार वर आहे.

२२ मे, गुरुवार

रंग आला. रेघ जेमतेम एक मिलिमीटर रुंद, दोन्ही बाजूंना तेवढीच जागा सोडून पुढची रेघ. हाताने पेन फिरवलं तर तीन रेघा एक होतील. म्हणून टेपच्या दोन पट्ट्या चिकटवल्या, मध्ये रेघेएवढी फट. तुटक्या टोकांवरची काळी किनार आयपीएने पुसून चंदेरी दिसेपर्यंत आणली, काळ्यावर रंग धरत नाही. पेनमधून नाही, थेंब काचेवर काढून टूथपिकच्या टोकाने भरला. दोन्ही टोकांवर दोन-दोन मिलिमीटर चढवला, नाहीतर सांधा तिथेच तुटतो.

टेप रंग ओला असतानाच काढायचा. पहिल्या वेळी वाळल्यावर काढला आणि रेघ टेपबरोबर आली. पुसून पुन्हा.

दोन हात, मध्ये अर्धा तास. रात्रभर ठेवणार आहे. वाळण्याआधी मीटर १४ ओहम दाखवतोय, वाळल्यावर उतरेल. शेजारच्या दोन्ही रेघांशी काही संबंध नाही, हे तीनदा तपासलं.

२३ मे, शुक्रवार

६ ओहम.

सांध्यावर पातळ टेप, पापुद्रे परत मिटवले, पडदा आकड्यांवर. मग कात्र्या. हे काम मावशीने केलं. माझ्या बोटांना ते जमत नव्हतं, तिने दोन पाहिल्या आणि मोत्यांच्या तोरणाचे मणी ओवावेत तशा सरसर बसवल्या; सरकती बाजू आधी, आकड्याची नंतर, कट्. मी वाट्या पुढे करत होतो. एफ-१२ला स्क्रोल लॉकची कात्री दिली. स्क्रोल लॉक आता नुसती टोपी आहे, दाबली की खाली जाते आणि तिथेच बसते. अजून कोणी तिला हाक मारलेली नाही.

रात्री साडेनऊला सुरू केला. मावशीने नवं पान उघडलं. अ, ह, इकार, ल, पाय मोडला, य, काना.

अहिल्या

काका मागून म्हणाले, "चला, मोडला एकदाचा."

डी किंचित जड वाटतो. रबरी वाटी एका बाजूने उचलली गेलीय, डिंकाचा ठिपका लावला तर आणखी जड होईल. तसाच ठेवतोय.

२४ मे

स्मरणिका छापखान्यात गेली. शेवटची आठ पानं जुन्या कीबोर्डवर झाली. यूएसबीवाला मी घरी आणला.

३१ मे, शनिवार

स्मरणिका आली. कागद बरा आहे, मुखपृष्ठावर महेश्वरचा घाट. कार्यक्रमात तीन जणांनी कौतुक केलं.

घरी आल्यावर काकांनी चाळताना पान ४१ वर थांबून मोठ्याने वाचलं. ११ तारखेला मावशी जे पान उघडून टाइप करत होती ते कोरं नव्हतं, फोटोंच्या ओळींचं होतं, आणि तिच्या सवयीप्रमाणे तिने बंद करण्याआधी सेव्ह केलं. सात मजली राजवाड्याचा फोटो, खाली स्पष्ट काळ्या अक्षरात: "सुभेदार लहररव होळकर".

तीनशे प्रती. मावशीने मरून स्केचपेन काढलंय. माझ्याकडे शंभर दिल्यात.

२२ जून, रविवार

पाऊस सुरू झालाय, दमट हवेत रंगाचा सांधा कसा आहे ते पाहायला कीबोर्ड उघडला. ७ ओहम. शेजारच्या रेघांशी संबंध नाही. स्पेसबार उजवीकडून कुरकुरतो, तिथे बहुतेक अजून थोडी साखर आहे. मावशी म्हणते राहू दे, त्यामुळे अंगठा कुठे पडला ते ऐकू येतं.